मांगा, वेबकॉमिक, गेम : आवडलं ते मराठीत कसं लिहायचं

एखादी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, रात्री उशिरा संपते आणि लगेच मित्राला मेसेज जातो, "भारी आहे, वाच." तो विचारतो, "काय भारी आहे त्यात?" इथे गाडी अडते. "ड्रॉइंग भारी, स्टोरी भारी" यापुढे शब्द सुचत नाहीत. आवड कमी असते असं नाही. आवडण्याचं कारण बहुतेक वेळा एका नेमक्या जागी असतं, एका पानावरच्या एका चौकटीत किंवा गेममधल्या अर्ध्या मिनिटात. ती जागा निसटली की हाती फक्त "भारी" उरतं. ती पकडायची कशी, त्यासाठी वाचायचं-खेळायचं कसं आणि मग दीड पानाचं टिपण कसं उतरवायचं, हे सोलापुरातल्या नवख्या वाचकांसाठी इथे पायरीपायरीने मांडलं आहे.

आधी निवड

संपलेलं आणि छोटं निवडा. 'वन पीस' १९९७ साली सुरू झाली आणि तिचे शंभराहून जास्त खंड झालेत. तिच्यापासून सुरुवात केली तर लिहायची वेळच येत नाही. 'अ सायलेंट व्हॉइस' सात खंडांत संपते. ऐकू न येणारी एक मुलगी, तिला शाळेत छळणारा मुलगा आणि पुढे त्याला होणारी जाणीव, एवढाच विषय, पण तो शेवटपर्यंत नेलेला. 'योत्सुबातो' अजून चालू आहे, तरी सुरुवातीला चालते, कारण बहुतेक चॅप्टरमध्ये एका लहान मुलीचा एकेक दिवस असतो आणि इंग्रजी सोपं असतं. ओसामु तेझुका या जपानी चित्रकाराची 'बुद्ध' १९७२ ते १९८३ या काळात आली. इंग्रजीत तिचे आठ खंड आहेत. गौतम बुद्धांचं चरित्र आपल्याकडे घराघरांत माहीत असल्यामुळे तेझुकांनी कुठे पदरची पात्रं घातली आहेत ते मराठी वाचकाला चटकन कळतं, आणि टिपणाला तिथेच विषय मिळतो.

मासिकातला एक चॅप्टर साधारण वीस पानांचा असतो आणि एक खंड दोनशे पानांच्या आसपास. सावकाश वाचलं तर खंडाला तास धरा. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना चार तासांत तीन खंड आरामात होतात. फक्त ॲपमध्ये सोय असेल तर चॅप्टर घरी वायफायवरच उतरवून घ्या, वाटेत रेंजचा भरवसा धरू नका.

वाचायचं कायदेशीर ठिकाणीच. 'मांगा प्लस' हे शुएइशा या जपानी प्रकाशकाचंच ॲप २०१९ साली आलं. त्यात बऱ्याच मालिकांचे सुरुवातीचे आणि अगदी ताजे चॅप्टर फुकट असतात. छापील खंड हवा असेल तर दुकानदाराला नुसतं नाव सांगू नका. खंडाचा क्रमांक आणि मागच्या कव्हरवरचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) द्या, नाहीतर तीन खंड एकत्र असलेली आवृत्ती किंवा भलताच खंड येऊन पडतो. नकली छपाई ओळखायची तर राखाडी भाग बघा. मांगात राखाडी रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीतून येतो. छापील पान स्कॅन करून पुन्हा छापलं की दोन जाळ्या एकमेकींवर चढतात आणि तिथे लाटांसारखे पट्टे उमटतात.

मांगाचं पान वाचताना

पान उजवीकडून डावीकडे वाचायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी घोटाळा होतो तो संवादाच्या फुग्यांत. चौकटी उजवीकडून वाचल्या जातात आणि चौकटीच्या आतले फुगे सवयीने डावीकडून. मग उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो आणि "संवाद तुटक आहेत" असा शेरा टिपणात जातो. फुगेसुद्धा उजवीकडूनच वाचा.

चौकटींचा क्रम कळत नसेल तर त्यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्या बघा. मांगात सहसा आडवी पट्टी रुंद असते आणि उभी पट्टी अरुंद. रुंद पट्टी आली म्हणजे ओळ संपली. ती ओळ उजवीकडून डावीकडे पूर्ण करा, मगच खाली उतरा. चौकटींभोवतीची पांढरी जागा अचानक काळी झाली तर बहुधा जुनी आठवण चालू आहे. हे लक्षात नसलं की मेलेलं पात्र परत कसं आलं, असं वाटून वाचक गोंधळतो.

पान उलटणं हीदेखील चित्रकाराच्या हातातली गोष्ट आहे. डावीकडच्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट पान उलटण्यापूर्वी शेवटची दिसते. तिथे कुणीतरी दचकलेलं असतं, दार उघडत असतं. पान उलटलं की धक्का उजव्या पानावर. मोबाइलवर एकेक पान सरकवताना हा खेळ मरतो आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध कापलं जातं. मोठं चित्र आलंय असं वाटलं की मोबाइल आडवा धरा. ॲपमध्ये उभं सरकवण्याची सोय असली तरी मांगासाठी उजवीकडून डावीकडे पान उलटण्याचीच सेटिंग ठेवा.

आता आवाजांचं. जपानीत आवाजाचे शब्द चित्रातच रेखलेले असतात आणि भाषांतरात अनेकदा बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं येतात. नवखा वाचक ती सोडून देतो. सोडू नका, कारण याबाबतीत मराठी जपानीच्या फार जवळ आहे. आपल्याकडे पाऊस रिमझिम येतो, टपटप येतो, धो-धो येतो, आणि तिन्ही वेळा पाऊस वेगळा असतो. जपानीत तर शांततेलाही आवाज आहे. 'शीऽऽन' असं लिहिलेलं असलं की समजायचं, कुणीच काही बोलत नाहीये. मे महिन्यात भर दुपारी नवी पेठेत जो शुकशुकाट असतो, तोच. टिपणात "तिथे शांतता दाखवली आहे" असं न लिहिता "शुकशुकाट" लिहा. एका शब्दात काम होतं.

वेबकॉमिक

इंटरनेटवर येणाऱ्या या कॉमिकमध्ये बहुधा पान नसतं, लांबच लांब पट्टी असते. वेबटून हा उभ्या पट्टीचा प्रकार दक्षिण कोरियातला. त्यात दोन चित्रांमधलं रिकामं अंतर म्हणजे वेळ. बोटभर अंतर म्हणजे क्षण आणि तीन वेळा सरकवावं लागलं तर मध्ये बराच काळ गेला. म्हणून जोरात सरकवत वाचलेल्या वेबटूनवर लिहू नये, त्यातला अर्धा मजकूर त्या मोकळ्या जागेत असतो. वाचताना बॅकग्राउंडचा रंग कुठे बदलतो तेही बघा, प्रसंगाचा मूड बहुधा तिथे बदलतो. आणि मालिका पूर्ण झालेली निवडा. आठवड्याला एक भाग येणाऱ्या मालिकेत मागचं विसरायला होतं.

काही वेबकॉमिक एकाच चित्रात संपतात. २००५ पासून चाललेल्या 'एक्सकेसीडी'त चित्रावर माउस नेला की आणखी एक ओळ दिसते आणि कित्येकदा खरी गंमत तिच्यातच असते. मोबाइलवर माउस नसतो, त्यामुळे तिची मोबाइलची आवृत्ती उघडा. तिथे ती ओळ दाबून वाचता येते.

गेम : ऊन, वीज आणि सेव्ह

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. ॲपल आपले फोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगते. बाकीच्या फोनांचाही जीव फार वेगळा नाही. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि गेम अडखळू लागतो. मग "गेम स्लो आहे" असा शेरा लिहिला जातो, जो मुळात हवामानावरचा शेरा असतो. भर उन्हाच्या वेळी खेळायचंच असेल तर कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ६० वरून ३० वर आणा, ब्राइटनेस उतरवा. लॅपटॉप गादीवरच्या चादरीवर ठेवू नका. सोलापुरी चादर जाड, ती खालच्या जाळ्या बंद करते. पाटावर किंवा फळीवर ठेवा. वॉटर कूलरच्या ओल्या झोताच्या तोंडीही नको.

दुसरी अडचण विजेची. प्रत्येक गेम सेव्ह कधी करतो ते पहिल्या दहा मिनिटांतच शोधून काढा. 'स्टार्ड्यू व्हॅली' (२०१६) या शेतीच्या गेममध्ये कॉम्प्युटरवर सेव्ह होतं ते फक्त रात्री झोपल्यावर. गेममधला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि जागत बसलं तर रात्री दोनपर्यंत चालतो. घड्याळात ती चौदा मिनिटं होतात. तेराव्या मिनिटाला लाइट गेली की अख्खा दिवस गेला. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, डेस्कटॉपला निदान ६०० व्हीएचा यूपीएस हवा. तो तासभर खेळायला पुरत नाही, पण झोपून, सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती सवड देतो.

पहिल्या गेमसाठी 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने तो २०२० साली आणला. राजी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधत असुरांशी लढते. कथेचे काही भाग सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितले आहेत, आणि दुर्गा व विष्णू यांचा संवाद आपल्या कानाला ओळखीचा वाटतो.

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम जमला नाही तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या दीड तासात ठरवून टाका. मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही खेळण्यातच मोजला जातो.

कठीण गेममध्ये मदतीची सोय असेल तर वापरा. 'सेलेस्ट' (२०१८) या डोंगर चढण्याच्या गेममध्ये असिस्ट मोड चालू केला की गेमचा वेग १०० टक्क्यांवरून ५० पर्यंत उतरवता येतो. त्यात कमीपणा काही नाही. मात्र टिपणात "वेग ७० टक्के ठेवून" हे लिहा. वाचणारा १०० टक्क्यांवर खेळणार असेल तर त्याचा अनुभव वेगळा असेल.

पाच ओळींची नोंद

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही. वाचून किंवा खेळून झाल्यावर त्याच दिवशी, झोपण्याआधी, पाच ओळी लिहायच्या. वहीत लिहा, मोबाइलमध्ये लिहा, पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. दुसऱ्या दिवशी कथा आठवते, जागा आठवत नाही.

पहिल्या ओळीत नाव, वर्ष आणि कुठपर्यंत आलात ते: खंड तिसरा, चॅप्टर २१ किंवा खेळून साडेचार तास. दुसऱ्या ओळीत जागा: पान क्रमांक, चौकट, किंवा गेममधलं नेमकं ठिकाण. तिसऱ्या ओळीत तिथे तुमच्या हाताने किंवा डोळ्याने काय केलं: थांबलात, मागचं पान उलटलंत, बटण दाबायला उशीर झाला. चौथीत खटकलेली गोष्ट. पाचवीत मनात राहिलेला एक प्रश्न. 'सेलेस्ट'ची नोंद अशी दिसेल (मॅडलिन ही त्यातली नायिका):

सेलेस्ट, २०१८. पहिले दोन चॅप्टर, तीन तास.
मॅडलिनचे केस लाल. हवेत झेप घेतली की निळे, पाय टेकले की परत लाल.
डोळा पूर्ण वेळ तिच्या डोक्यावर. कोपऱ्यात आकडा शोधावा लागला नाही.
अंगठा दुखतो. कीबोर्डवर जमलं नाही, कंट्रोलर लागला.
पडल्यावर राग का येत नाही?

यात एकही "अप्रतिम" नाही, आणि तरी टिपणाचा कणा तयार आहे. गेममध्ये थांबून लिहिणं जमत नसेल तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. स्टीमवर त्यासाठी एफ-१२ दाबायचं.

टिपण लिहिताना

तीनशे ते चारशे शब्द पुरेत. कथा तीन वाक्यांत उरका. कथाच सांगत बसणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक, कारण कथा सांगणं सोपं असतं आणि लिहिल्याचं समाधान मिळतं. वाचणाऱ्याला कथा मूळ पुस्तकातून मिळणारच आहे, त्याला तुमच्याकडून जागा हवी असते. टिपणाच्या वरच कुठपर्यंतचं उघड केलंय ते सांगा, म्हणजे "दुसऱ्या खंडापर्यंत" असं.

मग नोंदीतली दुसरी, तिसरी आणि पाचवी ओळ जोडा. "सेलेस्टचे ग्राफिक्स आणि गेमप्ले अप्रतिम आहेत" हे वाक्य कुठल्याही गेमला चिकटवता येईल, म्हणून ते काढून टाका. त्याऐवजी: "केसांचा रंग म्हणजेच झेपेचा हिशेब. लाल असेल तर एक झेप शिल्लक, निळा झाला की खर्च. हिशेब कायम डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे पडल्यावर चूक आपली वाटते, गेमची नाही." हे फक्त 'सेलेस्ट'बद्दलच लिहिता येतं. टिपणातलं प्रत्येक वाक्य असं तपासा. दुसऱ्या गेमचं नाव घालून ते तसंच चालत असेल तर ते रिकामं आहे.

आपल्या भागाची नजर टिपणात येऊ द्या. 'स्टार्ड्यू'मध्ये पहिल्याच दिवशी पार्स्निप या गाजरासारख्या कंदाच्या पंधरा बिया मिळतात. माती उकरायला दर खड्ड्यामागे दोन, पाणी घालायला परत दोन अशी ताकद खर्च होते, म्हणजे २७० पैकी ६० तिथेच गेली. पाऊस नसेल तर पाणी रोज घालायचं, आणि चार दिवसांत पीक तयार. ज्याने जिल्ह्यात रब्बीची ज्वारी बघितली आहे, जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभी राहणारी, त्याला हा हिशेब लगेच वेगळा वाटेल. या गेममध्ये जमिनीला स्वतःची ओल नाही. हे निरीक्षण अमेरिकेतला खेळाडू सहसा करणार नाही. तुम्ही करू शकता.

तसंच पिक्सेल आर्टचं, म्हणजे चौकोनी ठिपक्यांनी काढलेल्या चित्रांचं. जकार्डच्या मागावर चादरीचं डिझाइन आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढायचं आणि त्यावरून कार्डांना भोकं पाडायची, ही सोलापूरला जुनी ओळखीची पद्धत. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला छोटा मारिओ असाच १६ बाय १६ चौकोनांत बसवलेला आहे, आणि रंग फक्त तीन. त्याआधी, १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये इतक्या थोड्या चौकोनांत तोंड आणि केस काढणं जमेना म्हणून मिशा आणि टोपी आली. पिक्सेल आर्टबद्दल लिहिताना "जुन्या पद्धतीचे ग्राफिक्स" म्हणून पुढे जाऊ नका. एक पात्र निवडा, चौकोनी कागदावर उतरवून बघा, कुठला चौकोन काढला की चेहरा बिघडतो ते शोधा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि टिपणाला एक पक्का परिच्छेद मिळतो.

भाषेच्या दोन-तीन गाठी आधीच सोडवून ठेवा. गेम "तो" की "ती", मांगा "ती" की "तो", दोन्ही ऐकू येतं. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. पॅनेलला चौकट, बलूनला फुगा हे शब्द सहज चालतात, पण सेव्ह, लेव्हल, बॉस, कंट्रोलर तसेच राहू द्या, त्यांना ओढूनताणून मराठी केलं की कुणी वाचत नाही. जपानी नावं इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिताना गडबड होते. एकदा मूळ उच्चार ऐकून घ्या, देवनागरीत जपानी नाव इंग्रजीपेक्षा चांगलं उतरतं.

चित्र जोडायचं तर एक चौकट, पूर्ण चॅप्टर नव्हे. समीक्षेसाठी थोडा भाग वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमाने सवलत दिली आहे, पानंच्या पानं टाकायला नाही. चित्राखाली चित्रकाराचं नाव लिहा. वेबकॉमिक असेल तर मूळ पानाची लिंकही द्या.

हात बसल्यावर

चार-पाच टिपणं झाली की एक भाग मराठीत आणून बघा. डाव्हिद रव्हुआ या फ्रेंच चित्रकाराचं 'पेपर अँड कॅरट' हे वेबकॉमिक २०१४ पासून येतं, आणि नाव दिलं तर त्याचं भाषांतर करून वाटायला परवानगी आहे. फुग्यांतला मजकूर चित्रापासून वेगळ्या एसव्हीजी फाइलमध्ये असतो. ती इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ज्यांच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी चालते, अशा सोलापूरकरांना एका भाषेतून दुसरीत उडी मारायची सवय लहानपणापासूनच असते. ती इथे कामी येते.

आधी आवाजांचे शब्द करा, मग संवाद. फाँट बालू किंवा मुक्त घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि त्यांत जोडाक्षरं फुटत नाहीत. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, आणि इंग्रजीच्या तीन ओळींच्या जागेत मराठीच्या दोनच बसतात. मजकूर फुग्याबाहेर जायला लागला तर अक्षर बारीक करू नका, मोबाइलवर ते वाचताच येणार नाही. वाक्य मोठ्याने म्हणून बघा आणि बोलताना जे शब्द आपोआप गळतात ते गाळा. "मी आता तुझ्याबरोबर येऊ शकत नाही" याचं "आत्ता नाही जमणार" झालं की फुग्यात जागाही उरते.